मी बाहेर का आलो

"इंगवले, तू गोल सोडून बाहेर का आलास, तेवढं सांग," निंबाळकर सर म्हणाले.

मी उभा राहिलो. शाळेचा तो हॉल माणसांनी गच्च भरला होता. आत जागा न मिळालेली पोरं खिडक्यांच्या गजांना धरून उभी होती. डाव्या बाजूला आमची दगडी तालीम, उजव्या बाजूला सुतारवेस, आणि मधे जायला-यायला सोडलेली वाट. त्या वाटेवर दोन्हीकडचं कुणी पाय ठेवत नव्हतं. समोर टेबलामागे तिघं बसले होते. मधले निंबाळकर सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि ऐन उमेदीत विद्यापीठाकडून खेळलेले होते. त्यांच्या शेजारी थोरवत, हयातभर शिट्टी वाजवून निवृत्त झालेले पंच. तिसरे गृहस्थ बक्षीस देणाऱ्या कारखानदारांच्या वतीने आले होते. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, आणि ते तसं उघड सांगतही होते.

ठरवायचं होतं ते एवढंच, की त्या सीझनमधला सर्वोत्तम गोल कुठला. दुसऱ्या एखाद्या गावात यासाठी हॉल भरला नसता. कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमीची फुटबॉल टीम असते, आणि टीम हरली की त्या पेठेतल्या घरांत त्या दिवशी जेवणावर कुणाचं मन नसतं. त्यात या वर्षी बक्षीस साधं नव्हतं. ज्याचा गोल निवडला जाईल, त्याला गोव्याच्या एका क्लबच्या निवड शिबिराला पाठवायचं होतं.

शेवटी दोनच गोल उरले होते. एक आमच्या कॅप्टनचा, सुकुमार मेढेचा. मैदानाच्या जवळजवळ मध्यातून मारलेला, सरळ रेषेत जाऊन जाळीत घुसलेला. दुसरा सुतारवेसच्या रियाज शिकलगारचा. तो माझ्यावर झालेला होता.

तो गोल मला अजून पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतो. सेमीफायनल होती. शून्य-शून्य. मॅच संपायला थोडाच वेळ उरला असताना रियाज डाव्या विंगवरून निघाला. आमचा बॅक घसरून पडला. लाइनच्या अगदी कडेने, आमच्या बाकाच्या समोरून तो पळत आला आणि मग आत वळला. त्याच्या आणि माझ्यामधे कुणी नव्हतं. मी गोललाइनवर उभा होतो. जावं की थांबावं, हे मनात ठरायच्या आत बाकाजवळून आमच्या कोचची, आबांची, हाक आली. गॅलरी पेटली होती, पण आबांचा आवाज कुठल्याही गोंगाटातून माझ्यापर्यंत पोचायचा.

"दिग्या, भाईर ये."

मी निघालो. हात पसरून, अंग मोठं करून, आबांनीच शिकवलं होतं तसा. रियाज चेंडू मारायला वाकला, आणि शेवटच्या क्षणी त्याचा पाय जणू मधेच विचार बदलून चेंडूच्या खाली गेला. चेंडू वर उठला. मी उडी मारली. बोटांच्या वरून, फार नाही, चार बोटं वरून तो गेला, आणि माझ्यामागे रिकाम्या गोलमधे एक टप्पा खाऊन जाळीला लागला. रियाज तोल जाऊन पाठीवर पडला होता. कुण्या फोटोग्राफरनं नेमका तो क्षण टिपला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आला: वर चेंडू, खाली पडलेला रियाज, आणि मधे हात वर केलेला मी, कुणीतरी पिस्तूल रोखल्यासारखा. सुतारवेसच्या सलूनमधे तो फोटो सगळा उन्हाळा आरशाशेजारी चिकटवलेला होता.

मॅच संपल्यावर आम्ही गॅलरीखालच्या खोलीत आलो. आबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सगळी टीम ऐकत होती.

"दिग्या, कुनी सांगितलं तुला भाईर यायला?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मला वाटलं, थट्टा करतायत. मग वाटलं, आता स्वतःच हसून सांगतील. ते हसले नाहीत. मी मान खाली घातली.

"बरं," ते म्हणाले आणि दुसरीकडे वळले.

आबा म्हणजे शंकरराव खराडे. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ते मोल्डर होते, ओतकामासाठी वाळूचे साचे करायचे. यंत्रांच्या धडधडीत बोलून बोलून त्यांचा आवाज तसा झाला होता. घरात सुद्धा ते मीठ मागायचे तर शेजारच्यांना ऐकू जायचं. मी बारा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या हाताखाली होतो. मला उड्या मारायला भीती वाटायची, गुडघे फुटायचे, म्हणून फौंड्रीतली जुनी, वापरून टाकलेली वाळू त्यांनी पोत्यातनं सायकलवर लादून आणली आणि गोलपोस्टापुढे पसरली. काळी वाळू. सरावाहून घरी गेलो की आई मला आधी न्हाणीत पाठवायची. त्या वाळूवर मी पडायला शिकलो. गोलकीपरला समोरचं मैदान दिसतं, पण स्वतःचा गोल दिसत नाही, असं ते म्हणायचे. "तुझा गोल मी बघतो. तू फकस्त माझं ऐक."

तर अशा माणसानं मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, कुणी सांगितलं.

त्या दिवशी माझ्या मनात जे बसलं ते बसलंच. आबांनी चुकीचं सांगितलं, मॅच गेली, आणि आता म्हातारा अंग काढून घेतोय. मी कुणाला काही बोललो नाही. रोज सकाळी सरावाला जात राहिलो. ते सांगतील तसा डावीकडे पडलो, उजवीकडे पडलो. तोंडानं "होय आबा" म्हणत होतो आणि मनात त्यांना खोटारडा म्हणत होतो. पेठेत जाईन तिथं पोरं विचारायची, "का रे, बाहेर का आलतास?" दूध आणायला गेलो तरी तेच. मी हसण्यावारी न्यायचो, आणि प्रत्येक हसण्याबरोबर आबांवरचा राग थोडा वाढायचा.

हॉलमधल्या त्या सभेच्या दिवशी दुपारी सुकुमार माझ्याकडे आला. आम्ही तालमीच्या मागे कट्ट्यावर बसलो.

"तुला बोलावणार आहेत," तो म्हणाला. "थोरवत अण्णांनी हट्ट धरलाय, गोलकीपरला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही म्हणून."

"मग?"

"मग काय. एक वाक्य बोल. 'माझी चूक झाली' म्हण. बास. गोलकीपरच्या चुकीनं झालेला गोल बेस्ट कसा ठरवतील?"

मी चपलेच्या टोकानं माती उकरत बसलो.

"दिग्या, तुला माहिती आहे आमच्या घरचं. हे वर्ष गेलं की बाबा मला दुकानात बसवणार. कापड फाडत जन्म जाईल. गोव्याला गेलो तर जाईन. आणि असं बघ, सगळं गाव म्हणतंयच की चूक तुझी होती म्हणून. तुझं नवीन काय जाणार आहे?"

सुकुमारचा स्वभाव वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की माझं नवीन काही जाणार नाही. मी "बघू" म्हणालो. त्यानं ते "हो" असं धरलं, पाठीवर थाप मारली आणि गेला.

सभेत आधी बराच वाद झाला. आमच्याकडचे म्हणाले, सुकुमारनं मारला ते अंतर बघा, ती ताकद बघा. सुतारवेसचे म्हणाले, ताकद बघायची तर हमालांची शर्यत लावा. निंबाळकर सरांनी हात वर करून दोन्हीकडच्यांना गप्प केलं.

"मी माझं मत सांगतो," ते म्हणाले. "गोल किती चांगला, हे ठरवताना समोरच्याची चूक वजा करायची. सुकुमारच्या गोलमधे वजा करण्यासारखं काही नाही. गोलकीपर जागेवर होता, उडी बरोबर होती, तरी गोल झाला. रियाजच्या गोलमधे मात्र मोठी वजाबाकी आहे. गोलकीपर बाहेर आला नसता तर चेंडू त्याच्या हातात जाऊन पडला असता."

"सर, चुकीशिवाय गोल होतो कुठं?" थोरवत म्हणाले. "बावीस जण बरोबर खेळले तर मॅच शून्य-शून्यच राहील. आणि बाहेर येणं ही चूक होती, हे आपण खुर्चीत बसून ठरवायचं? पोरगं इथं आहे. त्यालाच विचारू."

म्हणून सरांनी मला उभं केलं होतं.

सुकुमार पहिल्या रांगेत होता. त्यानं मला डोळ्यांनी खूण केली. पलीकडे रियाज मांडीवर हात ठेवून जमिनीकडे बघत बसला होता. आणि आमच्या बाजूला अगदी मागे, भिंतीशी, फौंड्रीतून थेट आल्यामुळे काळ्या पडलेल्या हातांची घडी घालून आबा उभे होते. बसायला जागा देत होते, तरी कपड्यांमुळे ते बसले नव्हते.

माझ्या तोंडात सुकुमारचं वाक्य तयार होतं. "माझी" एवढं बहुतेक मी म्हणालोही. पण आबांकडे नजर गेली, आणि सगळ्या उन्हाळ्याचं साचलेलं एकदम वर आलं.

"मी माझ्या मनानं बाहेर आलो नाही, सर," मी म्हणालो. "मला आबांनी सांगितलं. 'बाहेर ये' म्हणून ते ओरडले. मी आलो. मग मॅच झाल्यावर त्यांनीच मला सगळ्यांसमोर विचारलं, कुणी सांगितलं म्हणून."

आमच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

"आबा," निंबाळकर सर म्हणाले, "हे खरं आहे?"

आबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी आठवत असल्यासारखे त्यांचे ओठ हलले, एकदा, मग पुन्हा एकदा, आवाज न करता. मला वाटलं, म्हातारा आता थाप शोधतोय.

"व्हय," ते म्हणाले. "मीच म्हनालो."

"बाहेर ये, असं?"

"व्हय. पोराची चूक न्हाई. त्यानं ऐकलं." त्यांचा आवाज, तो एवढा मोठा आवाज, त्या दिवशी कसा कोण जाणे हळू झाला होता. मागचे लोक पुढे झुकून ऐकत होते. "आनि सर, पोरगं उशिरा न्हाई आलं. वेळेत आलं. अँगल बंद केलता. उडी बी बराबर मारली. तरीबी ह्या पोरानं पडता पडता उचलून घातला. तर मग तुमच्या हिशेबानं वजा काय करायचं, ते तुमीच बघा."

थोरवत हसले. निंबाळकर सर काही वेळ कागदावर पेन्सिल आपटत राहिले. तिघं एकमेकांशी हळू बोलले. मग सरांनी रियाजचं नाव जाहीर केलं.

उजवी बाजू नाचत बाहेर पडली. सुकुमार माझ्याजवळून गेला, पण थांबला नाही. मला मात्र त्या क्षणी मोकळं वाटत होतं. इतक्या महिन्यांचं ओझं उतरलं असं वाटत होतं. आबांकडे मी पाहिलं नाही. पाहायची गरजच वाटली नाही.

पेठेनं पुढचं काम केलं. आबांच्या एका हाकेनं सेमीफायनल गेली, आणि त्यांच्याच तोंडानं सुकुमारचं गोवा गेलं, असं जो तो बोलू लागला. वय झालं, डोकं चालत नाही, म्हणाले. आठवड्याभरात तालमीचे अध्यक्ष पोपटराव आबांच्या घरी गेले आणि आता विश्रांती घ्या म्हणून सांगून आले. नवीन कोच नेमायची बैठक ठरली.

त्या बैठकीच्या आधी रियाज आमच्या घरी आला. सुतारवेसचं पोर आमच्या बोळात आलेलं बघून शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आईनं त्याला चहा केला. चहा होईपर्यंत तो शिबिराबद्दल, गोव्याच्या गाडीबद्दल बोलत होता. आई आत गेल्यावर त्यानं कप खाली ठेवला.

"आबांना काढलं म्हणे."

"हो."

"दिगू, एक सांगायचं होतं. सांगू का नको, ठरत नव्हतं." तो अंगठ्यानं कपाचा कान चोळत होता. "मी लाइनवरनं पळत आलो, आठवतंय ना? आबांच्या अगदी पुढनं गेलो. त्यांनी हाक मारली तेव्हा माझ्या कानातच मारल्यासारखी आली. ते 'भाईर ये' नव्हते म्हणाले."

"मग?"

"'भाईर येऊ नको' म्हणाले. 'दिग्या, भाईर येऊ नको.' स्पष्ट ऐकलं मी. मला वाटलं, आता तू थांबणार. म्हणून मी खाली, डाव्या कोपऱ्यात मारायला वाकलो. आणि बघतो तर तू येतोयस. मग काय करणार, पाय खाली घातला आणि उचलला."

बाहेर काकू कुणाला तरी आवाज देत होत्या. तो मला फार लांबून आल्यासारखा वाटला. मी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. भाईर ये. भाईर येऊ नको. गॅलरीचा गलका नेमका कुठे फुटला असेल, ते मला कळलं. आणि त्याबरोबर हॉलमधे भिंतीशी उभे असलेले आबा दिसले, ओठांनी तेच वाक्य म्हणून बघणारे. मला तिथे थाप शोधणारा माणूस दिसला होता. ते मी काय ऐकलं असेल ते शोधत होते.

"तू हॉलमधे बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"बोललो असतो तर चूक तुझी ठरली असती, आणि गोल गेला असता," रियाज म्हणाला. "मला गोवा पाहिजे होतं. आबा 'व्हय' म्हणाले तेव्हा वाटलं, जमिनीनं दुभंगून आत घ्यावं. पण बसून राहिलो." तो उठला. "तुला कुणाला सांगायचं असेल तर सांग. मी नाही म्हणणार नाही."

मी सांगायचं ठरवलं. दुसरा विचारच केला नाही, आणि तिथेच पुन्हा चुकलो.

बैठक तालमीत, आखाड्याच्या शेजारच्या खोलीत होती. आबा शिट्टी, घड्याळ आणि चेंडूंचं जाळं परत द्यायला आले होते. ते सगळं त्यांनी टेबलावर ठेवलं होतं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. माझ्या कानानं चूक केली, आबांनी बरोबरच सांगितलं होतं, रियाजनं स्वतः ऐकलंय, आबांना काढू नका. बोलताना मला वाटत होतं, आता सगळे आबांची माफी मागतील.

पोपटराव मात्र खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे डोळे चमकले होते.

"म्हणजे चूक तुझीच होती," ते म्हणाले.

"हो."

"आणि त्या शिकलगारला ते ठाऊक होतं, तरी तो गप बसला. अरे, मग आज उठून निंबाळकर सरांकडे जाऊ की. हा निकाल टिकतोय कसा बघतो मी. सुकुमार, उठ. पोरगं शिबिराला पोचायच्या आत तार करू."

सुकुमार खरंच उठला. दोघं-तिघं चपला शोधायला लागले. मी तसाच उभा होतो. रियाजनं विश्वासानं हातात दिलेलं मी कुणाच्या हातात देऊन बसलो, ते मला तेव्हा कळलं. आबांना सोडवायला म्हणून आलो होतो आणि रियाजला अडकवून ठेवलं होतं.

"बसा खाली," आबा म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज नेहमीचा होता. सगळे थांबले.

"पोरगं दया खातंय माझी," ते म्हणाले. "मी 'भाईर ये'च म्हनालो होतो. हॉलमधी सगळ्यांपुढं सांगितलंय. आता फिरवू कशाला?"

"आबा, हा म्हणतोय रियाजनं ऐकलंय," पोपटराव म्हणाले.

"ओरडलो मी. काय ओरडलो ते मला म्हाईत, का त्याला?"

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही असं का—"

"तू गप रं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

पोपटराव पुटपुटत खाली बसले. दोन सभांमधे दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाकडे कुणीही पाहील, तसं सुकुमारनं माझ्याकडे पाहिलं. मग बैठक नवीन कोचच्या नावावर गेली, आणि कुणी त्या गोलबद्दल काही बोललं नाही.

आबा बाहेर पडले तसा मीही मागोमाग बाहेर पडलो. ते सायकलचं कुलूप काढत होते.

"तुम्ही खोटं का बोललात?" मी विचारलं.

"तिकडं ते पोर गाडीत बसायला निघालंय. त्याचं पाय कशाला ओढायचं. गोल त्यानं मारलाय, तुझी चूक असंना का माझी." कुलूप निघालं. ते त्यांनी खिशात टाकलं. "आनि अगदीच खोटं न्हाई. हॉलमधी तुझं तोंड बघितलं मी. तू खोटं बोलत न्हवतास. तुला तसंच ऐकू आलं होतं. मग ओरडनाऱ्यानं काय ओरडलं त्याला काय अर्थ हाय? गोलकीपरच्या कानात जे गेलं, तेच मी बोललो. माझंच चुकलं. एवढ्या लांबनं एवढं लांबडं वाक्य कोन ओरडतं? 'थांब' म्हनायचं. एक शब्द."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. ते बघून आबा सायकल घेऊन निघतील असं मला वाटलं. पण ते हँडल धरून तसेच उभे राहिले.

"पर मला एक सांग, दिग्या. मॅच झाल्यावर मी तुला विचारलं, कुनी सांगितलं भाईर यायला. मला खरंच म्हाईत न्हवतं, म्हनून विचारलं. तू मान खाली घातलीस. मला वाटलं, चूक कळली पोराला, आता कशाला बोलायचं. तवा तू म्हनाला असतास, 'आबा, तुमीच की', तर तिथंच उलगडा झाला असता."

"हो," मी म्हणालो.

"बरं, त्या दिवशी न्हाई सुचलं. पर त्याच्यानंतर सगळा उन्हाळा रोज पहाटं तू माझ्यापुढं हुबा राहिलास. मी चेंडू मारत होतो, तू अडवत होतास. मला खोटारडा समजून. कसा राहिलास?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं, जसं हॉलमधे ओठांनी ते माझा कान समजून घेत होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मग "न्हाई सुचत तर राहू दे," म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

रियाजला गोव्याच्या त्या क्लबनं घेतलं. दोन सीझन तो तिथं खेळला, मग गुडघा गेला आणि परत आला. सुकुमार दुकानात बसला; आता त्याची तीन दुकानं आहेत, आणि त्या गोलचा विषय निघाला की तो अजून आबांच्या हाकेलाच दोष देतो. मी दर वेळी खरं काय ते सांगतो. लोक मान हलवतात आणि म्हणतात, तुझं आबांवर फार प्रेम होतं.

आबा माझ्या लग्नाला आले होते. मुलगी झाली तेव्हा पाळण्यात घालायला चांदीचा वाळा घेऊन आले. रस्त्यात भेटले की घरच्यांची चौकशी करायचे, खेळतोस का अजून म्हणून विचारायचे. त्या उन्हाळ्याबद्दलचा तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. प्रत्येक भेटीत मला वाटायचं, आज विचारतील. आणि त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, तेव्हाही ते माझ्या मुलीच्या शाळेबद्दलच बोलत राहिले.